बिल्ड फेल होतंय? कोडला हात लावण्याआधी व्हर्जन मॅनेजर किती आहेत ते बघा

व्हर्जन मॅनेजर म्हणजे एकाच मशीनवर भाषेची अनेक व्हर्जन्स सांभाळणारं टूल. कालपर्यंत नीट चालणाऱ्या रुबी भाषेतल्या प्रोजेक्टमध्ये आज 'बंडल इन्स्टॉल' (लागणारी पॅकेजेस बसवणारी कमांड) दिलं की एरर येते: तुमची रुबी 2.7 आहे, जेमफाइलला (पॅकेजेसच्या यादीला) 3.2 हवी आहे. आरबीएन्व्ह या व्हर्जन मॅनेजरला विचारलं तर ते छातीठोकपणे 3.2 सांगतं. मग बहुतेक जण 3.2 पुन्हा इन्स्टॉल करतात, पंधरा-वीस मिनिटं कंपाइल होण्याची वाट बघतात आणि शेवटी तीच एरर वाचतात. नव्याने कामाला लागलेल्या मुलांचा अख्खा दिवस यात जातो, आणि दोष ते स्वतःच्या कोडला देतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कोडमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. 3.2 मशीनवर आहेच, फक्त हाकेला ओ दुसरीच रुबी देते आहे.

असं का होतं? मशीनवर बहुधा आरव्हीएम आणि आरबीएन्व्ह हे रुबीचे दोन्ही मॅनेजर असतात, आणि ते एकच काम दोन वेगळ्या रीतींनी करतात. आरव्हीएम निवडलेल्या रुबीचा फोल्डर थेट पाथच्या (कमांड शोधायच्या फोल्डर्सच्या यादीच्या) सुरुवातीला आणून ठेवतं, फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी' कमांडच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवतं आणि जेम्स (रुबीची पॅकेजेस) कुठे आहेत ते सांगणारी 'जेम होम', 'जेम पाथ' ही व्हेरिएबल्सही भरतं. आरबीएन्व्ह पाथमध्ये फक्त शिम्सचा फोल्डर पुढे ठेवतं. शिम म्हणजे रुबीच्या नावाची छोटी स्क्रिप्ट: ती चालू फोल्डरपासून वर वर जात 'डॉट रुबी-व्हर्जन' फाइल शोधते आणि त्याप्रमाणे खरी रुबी चालवते. दोन्ही एकेकटी उत्तम चालतात. एकत्र आली की शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये जे शेवटी लोड होतं ते पाथमध्ये पुढे बसतं, आणि फोल्डर बदलताच आरव्हीएम पुन्हा मध्ये येऊ शकतं. म्हणून एका टर्मिनलमध्ये बिल्ड होतं आणि शेजारच्या खिडकीत होत नाही. पाथमध्ये आरबीएन्व्ह पुढे असलं तरी 'जेम होम' जुन्या जागीच बोट दाखवत राहतं आणि भलत्याच व्हर्जनचे जेम्स उचलले जातात.

म्हणून आधी 'टाइप -ए रुबी' द्या. पाथमधल्या सगळ्या रुबी क्रमाने दिसतील आणि पहिली असेल तीच चालते आहे. मग 'एन्व्ह' कमांडच्या आउटपुटमध्ये 'जेम'ने सुरू होणाऱ्या ओळी बघा. दोन मॅनेजर दिसले तर एकच ठेवा. आरव्हीएम काढायचं असेल तर 'आरव्हीएम इम्प्लोड' द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. बॅश-प्रोफाइल, झेडएसएचआरसी, झेड-लॉगिन, साधी प्रोफाइल या शेलच्या सगळ्या फाइल्समधल्या त्याच्या ओळी हाताने काढा आणि नवीन टर्मिनल उघडा. जुन्या खिडकीत जुनाच पाथ जिवंत असतो.

मॅकवर आणखी एक खूण ओळखून ठेवा. एररमध्ये 'लायब्ररी/रुबी/जेम्स/2.6.0' इथे लिहायची परवानगी नाही असं आलं, तर तुम्ही ॲपलच्या सिस्टम रुबीवर आहात. इथे सुडो लावणं (कमांड ॲडमिनच्या हक्काने चालवणं) ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एरर जाते, पण जेम्स चुकीच्या घरात जाऊन बसतात. झेडशेलमध्ये (मॅकच्या नेहमीच्या शेलमध्ये) पाथ 'झेडएसएच-एन्व्ह'मध्ये लिहिला असेल तर लॉगिनच्या वेळी सिस्टमचा पाथ-हेल्पर स्वतःचे फोल्डर त्याच्या पुढे आणतो. मॅनेजरची ओळ झेडएसएचआरसीमध्ये हलवली की हे सुटतं.

नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) बाबतीत वेगळा घोळ. त्याचा व्हर्जन मॅनेजर एनव्हीएम हा प्रोग्राम नसून शेल फंक्शन आहे. त्यामुळे बॅशमध्ये 'व्हिच एनव्हीएम' काहीच दाखवत नाही आणि लोक ते दुसऱ्या मार्गाने परत बसवतात. 'कमांड -व्ही एनव्हीएम' विचारा. एडिटर, क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) किंवा एक्सकोडच्या स्क्रिप्टमधून बिल्ड चालतं तेव्हा तुमची झेडएसएचआरसी वाचली जाईलच असं नाही. तिथे स्क्रिप्टमध्येच एनव्हीएम लोड करा किंवा नोडचा पूर्ण पाथ द्या.

नोड 16 वरून 20 वर गेलात आणि 'नोड मॉड्यूल व्हर्जन 93, हवं 115' असं दिसलं, तर नोड-मॉड्यूल्समध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये) जुन्या नोडसाठी कंपाइल झालेले भाग उरले आहेत. तो फोल्डर काढून 'एनपीएम सीआय' (पॅकेजेस नव्याने बसवणारी कमांड) द्या. लॉक फाइल (पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी) मात्र डिलीट करू नका, नाहीतर पॅकेजेसची व्हर्जन्सही बदलतील आणि बिघाड नेमका कशाने झाला ते कळणार नाही.

आता सगळ्यात फसवी केस. नोडचं पॅकेज इन्स्टॉल होताना 'डिस्टयुटिल्स' सापडत नाही अशी एरर येते. ती पायथन भाषेची असते. नोडची पॅकेजेस कंपाइल करणाऱ्या नोड-जिपला पायथन लागतं आणि पायएन्व्हने (पायथनच्या व्हर्जन मॅनेजरने) तुमचं ग्लोबल पायथन 3.12 केलेलं असतं. त्या व्हर्जनमधून, म्हणजे ऑक्टोबर 2023 पासून, डिस्टयुटिल्स काढून टाकलं आहे. नोड-जिप 10 किंवा पुढचं घ्या. जुना प्रोजेक्ट असेल तर त्याच पायथनमध्ये डिस्टयुटिल्स परत पुरवणारं सेटअपटूल्स पॅकेज बसवा.

टीम एएसडीएफ (अनेक भाषांसाठीचा एकच व्हर्जन मॅनेजर) वापरत असेल तर रेपोही (प्रोजेक्टचा कोड ठेवलेला फोल्डर) तपासा. 'डॉट टूल-व्हर्जन्स'मध्ये एक आकडा आणि 'डॉट एनव्हीएमआरसी'मध्ये दुसरा असं सर्रास आढळतं. एएसडीएफ मुळात फक्त पहिली फाइल वाचतं. दुसरीही वाचायला हवी असेल तर 'डॉट एएसडीएफआरसी'मध्ये 'लेगसी व्हर्जन फाइल' चालू करावी लागते. दोन्ही फाइल्स ठेवायच्याच असतील तर आकडा एकाच कमिटमध्ये दोन्हीकडे बदला.