घरच्या स्विमिंग पूलसाठी हीटर: निवड, जोडणी आणि नेहमीच्या अडचणी

हीटरची मॉडेल बघायला लागण्याआधी पूलच्या पृष्ठभागाकडे बघा. उघड्या पूलमधली बहुतेक उष्णता वरून जाते, आणि तीही मुख्यतः बाष्पीभवनाने. १ लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ०.६८ युनिट (१ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास) उष्णता सोबत नेतं. उदाहरणासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूल घेऊ. दिवसभरात पातळी ५ मिलिमीटर उतरली, तर १६० लिटर पाणी उडालं आणि त्याबरोबर जवळपास १०९ युनिट उष्णता गेली. हा आकडा लक्षात ठेवा, हीटरचं माप ठरवताना लागेल.

पातळी बाष्पीभवनाने उतरते की गळतीने, हे बादलीने कळतं. पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा. तिच्या आतल्या पाण्यावर एक खूण आणि बाहेर पूलच्या पाण्यावर एक खूण करा. पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर ते बाष्पीभवन. पूलची जास्त उतरली असेल तर आधी गळती शोधा, हीटर नंतर.

बाष्पीभवनावर एकच स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे: कव्हर. बुडबुड्यांचं प्लास्टिक कव्हर बुडबुडे खाली, पाण्याकडे ठेवून अंथरायचं आणि पूलच्या आकाराला बरोबर कापायचं. एकट्याला गुंडाळता येईल असा रोलर सोबतच घ्या, नाहीतर पंधरवड्यात कव्हर कोपऱ्यात पडून राहतं. एक कळकळीची सूचना: पोहायला उतरताना कव्हर पूर्ण काढा, अर्धवट सारून ठेवू नका. त्याखाली अडकलेलं मूल वरून दिसत नाही, आणि हे कव्हर कोणाचंही वजन पेलत नाही.

किती किलोवॅटचा हीटर?

८ × ४ × १.४ म्हणजे ४४.८ घनमीटर, साधारण ४५,००० लिटर पाणी. १ घनमीटर पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला १.१६ युनिट लागतात. पाणी २० अंशांवरून २८ वर न्यायचं तर ४४.८ × ८ × १.१६, म्हणजे सुमारे ४१६ युनिट. १२ किलोवॅट उष्णता देणारं यंत्र रोज १० तास चाललं तर १२० युनिट देतं. पूल उघडा असेल आणि त्यातली १०९ रोज हवेत जात असतील, तर पाण्यात उरतात फक्त ११. शिवाय पाणी तापेल तसं बाष्पीभवन वाढतं, म्हणजे २८ अंश कधीच गाठले जाणार नाहीत. कव्हर घालून रोजचं नुकसान ४० युनिटांवर आणलं, तर तेच यंत्र ५ ते ६ दिवसांत काम फत्ते करतं. कव्हर नसलेल्या पूलला दुप्पट मोठा हीटर सुचवणाऱ्या विक्रेत्याचं ऐकण्याआधी हा हिशेब आपल्या मापांनी करून बघा.

कोणता प्रकार?

रोज किंवा एक दिवसाआड पोहणाऱ्यांनी हीट पंप घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. उबदार हवेत १ युनिट विजेमागे ४ ते ६ युनिट उष्णता मिळते. हवा थंड झाली की हे प्रमाण घटतं, आणि १० अंशांखाली बरीच साधी मॉडेल नीट चालत नाहीत. माहितीपत्रकावरचा मोठा आकडा बहुधा २७ अंश हवा आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. त्याच तक्त्यात १५ अंश हवेचा आकडा शोधा आणि तुमचा हंगाम थंडीत सरकत असेल तर त्यावरच हीटर ठरवा. मिठाच्या क्लोरिनेटरचा (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचा) पूल असेल तर आतली कॉइल, म्हणजे पाण्याला उष्णता देणारी नळी, टायटॅनियमचीच हवी.

गॅस हीटर पटकन तापवतो. ४० किलोवॅटचा हीटर वरचे ४१६ युनिट साधारण साडेदहा तासांत देतो, नुकसान वेगळं. महिन्यातून दोनदाच पूल वापरणाऱ्याला तो सोयीचा, रोज वापरणाऱ्याला इंधन परवडत नाही. त्याची गॅस लाइन आणि धुराडं परवानाधारक फिटरकडूनच करून घ्या. बंदिस्त खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

सौर पॅनलचा चालवण्याचा खर्च फक्त पंपाचा. क्षेत्रफळ मात्र पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून तेवढंच लागतं, म्हणजे आपल्या उदाहरणात १६ ते ३२ चौरस मीटर. चालू पॅनल हाताला गार लागलं तर बिघाड समजू नका. पाणी भरपूर वाहतंय आणि उष्णता घेऊन जातंय, हेच ते लक्षण.

साधा विजेचा हीटर १ युनिट घेऊन १ युनिटच देतो. १२ किलोवॅटला २३० व्होल्टवर ५२ अँपिअर. तो लहान टबापुरता ठीक.

हीट पंपाची जागा

सपाट, १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट चौथरा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच घ्या आणि यंत्राच्या पायांखाली रबरी पॅड ठेवा. पंख्यासमोर किमान २ मीटर मोकळी जागा हवी, मागच्या आणि बाजूच्या जाळ्यांसाठी कंपनीने सांगितलेलं अंतर. बंद शेडमध्ये किंवा झुडपांच्या आडोशाला ठेवलेलं यंत्र स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढतं, उत्पादन घसरतं आणि हवेतली उष्णता घेणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो. आवाज लपवायला बांधलेली पेटी ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पूलच्या काठापासून यंत्राच्या अंतराचे विजेचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. इलेक्ट्रिशियनकडून ते आधी विचारून घ्या आणि मगच चौथरा ओता.

पाइपाची जोडणी

क्रम हा असा: स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारं तोंड), पंप, फिल्टर, हीटर, मग क्लोरीन, आणि शेवटी पूल. क्लोरीनचं साधन नेहमी हीटरनंतर, आणि दोघांच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. तो नसेल तर पंप बंद झाल्यावर तीव्र क्लोरीनचं पाणी उलटं सरकून कॉइल खातं. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या टोपलीत ठेवल्या तरी परिणाम तोच.

हीटरला तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास द्या: एक आत जाणाऱ्या पाइपावर, एक बाहेर येणाऱ्यावर, एक दोघांना जोडणाऱ्या मधल्या तुकड्यावर. हीटर दुरुस्तीला काढला तरी पूलचं पाणी फिरत राहतं. यंत्राच्या दोन्ही तोंडांशी युनियन (पाइप न कापता सोडवता येणारा जोड) बसवा. पाइप मूळ लाइनच्याच मापाचा ठेवा, बहुधा ५० किंवा ६३ मिलिमीटर. सगळे तुकडे आधी कोरडेच जुळवून खुणा करा. मग प्रायमर, सोल्व्हंट सिमेंट, पाव वळण देत आत ढकलणं, आणि अर्धा मिनिट दाबून धरणं. दाब २४ तासांनीच द्या.

वीजजोडणी परवानाधारकाचं काम. स्वतंत्र सर्किट, पुरेशा जाडीची केबल, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग, यात काटकसर नको. फिल्टरचा पंप चालू असेल तरच हीटर चालेल अशी जोडणी मागा. टायमर दुपारच्या उबदार तासांवर लावा.

पहिल्यांदा चालू करताना

आधी बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा. तिन्ही व्हॉल्व्ह उघडून पंप लावा, हवा निघून जाऊ द्या, मग हीटर चालू करा. आता मधला व्हॉल्व्ह हळूहळू मिटत जा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात दीड ते दोन अंशांचा फरक दिसला की थांबा आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर खूण करा. ताशी ६ घनमीटर पाण्याला १२ किलोवॅट दिले तर फरक १.७ अंशच येतो. परत येणारं पाणी कोमटही लागत नाही म्हणून यंत्र खराब ठरवून परत करणारे बरेच असतात. हाताऐवजी थर्मामीटरवर भरवसा ठेवा.

अडचणी

पडद्यावर पाणी कमी असल्याची खूण आली तर स्किमरची टोपली, फिल्टर आणि मधला व्हॉल्व्ह, या क्रमाने बघा. दहापैकी नऊ वेळा दोष इथेच सापडतो.

यंत्राखाली पाणी साचलं की गळतीची शंका येते. हीटर बंद करून नुसता पूलचा पंप चालू ठेवा. तासाभरात थेंब थांबले तर ते हवेतलं दव, काळजी नाही. चालूच राहिले तर त्या पाण्यात क्लोरीन तपासायची पट्टी बुडवा. क्लोरीन निघालं तर ते पूलचंच पाणी आहे.

तांब्याच्या कॉइलच्या हीटरमध्ये पाणी आम्ल झालं की तांबं विरघळतं आणि भिंतींवर निळसर-हिरवे डाग उठतात. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राखा. तो सतत ८ च्या वर राहिला तर उलट दुखणं: गरम कॉइलवर चुन्याचा थर बसतो आणि उष्णता पाण्यात उतरत नाही.

पाणी गोठेल अशी थंडी पडणार असेल तर वीज बंद करा, आत-बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटा, मधला उघडा, युनियन सोडवा आणि यंत्रातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढा. आत राहिलेलं पाणी गोठून कॉइल फुटली तर बहुतेक कंपन्या ती वॉरंटीत धरत नाहीत.