आभासी चलन बदलून देणारी सेवा निवडण्याआधी : सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

यादीची सुरुवात शेवटापासून करा. कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहा : हा पैसा शेवटी कुठे पडायला हवा? जुळे सोलापुरात घरी बसून परदेशातल्या ग्राहकाचे काम करणाऱ्याकडे ५०० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले आभासी नाणे) जमले आहेत आणि ते बँकेत रुपये म्हणून हवे आहेत, हे एक काम. बिटकॉइन देऊन इथर हे वेगळे नाणे घ्यायचे आणि स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी आपल्याच ताब्यात ठेवणाऱ्या ॲपमध्ये ठेवायचे, हे दुसरे. दोन्हींना लोक ‘एक्स्चेंज’च म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या कामाला रुपये बँकेत पाठवणारे, भारतात नोंदलेले एक्स्चेंज लागते. दुसऱ्याला नाणे बाहेर पाठवू देणारी सेवा लागते. काही ॲपवर नाणे विकत घेता येते, पण ते स्वतःच्या वॉलेटला पाठवायचे बटणच नसते, किंवा असते ते मोजक्या नाण्यांपुरते. म्हणून खाते उघडण्याआधी त्या सेवेचे शुल्कपत्रक उघडा आणि तुमच्या नाण्यासमोर ‘विड्रॉल’ चालू आहे का, किमान रक्कम किती, शुल्क किती, हे तीन आकडे उतरवून घ्या. आत जायचा रस्ता सगळेच दाखवतात. तुम्ही बाहेर यायचा बघा.

टॉवेल-चादरी निर्यात करणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून पुढे जातो. परदेशातला खरेदीदार “बिलाचे पैसे यूएसडीटीत घ्या, लगेच मिळतील” म्हणाला तर नाही म्हणा. निर्यातीचा पैसा अधिकृत बँकेमार्फत आला तरच बँक वसुलीचा दाखला देते आणि निर्यातीचे लाभ त्या दाखल्यावर उभे असतात. वॉलेटमध्ये आलेल्या यूएसडीटीचा असा दाखला कुठलीच बँक देणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल रीतसर गेला आणि वसुली कागदावर दिसेना, तर ते बिल वर्षानुवर्षे उघडे राहते.

आता सेवेची ओळख. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी मालमत्तेचा व्यवहार करून देणाऱ्या सेवा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्यांनी केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. परदेशात बसून भारतीयांना सेवा देणाऱ्यांनाही ते लागू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये या विभागाने बायनान्स, कूकॉइन, क्राकेन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या साइट भारतात बंद झाल्या आणि ॲप स्टोअरवरून निघाले. त्यांतल्या काहींनी नंतर दंड भरून नोंदणी केली. पण मधल्या काळात ज्यांचा पैसा तिथे होता त्यांना रात्र-रात्र वाट शोधावी लागली. म्हणून सेवेच्या साइटवर नोंदणीचा उल्लेख कुठे आहे तो पाहा, त्यातले कंपनीचे पूर्ण कायदेशीर नाव लिहून घ्या आणि भारतीय कंपनी असेल तर ते नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शोधा. ॲपचे नाव एक आणि कंपनीचे दुसरे, हे चालते. कंपनीचे नावच कुठे सापडत नसेल तर ते ॲप फोनवर चढवू नका.

नोंदणी आहे म्हणजे पैसा सुरक्षित, असे मात्र नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांची नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून राहिली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे छत्र असते, इथे तसे काही नाही. सेवा ही फक्त वाट समजा. बदलण्यापुरता पैसा आत न्या, काम झाले की त्याच दिवशी बाहेर काढा. महिनाभर शिल्लक तिथेच ठेवायचा विचार असेल तर तो या यादीतून खोडा.

भाव बघताना जाहिरातीतले शुल्क बघू नका, हातात काय पडते ते बघा. समजा यूएसडीटीचा बाजारभाव ९० रुपये आहे आणि तुमच्याकडे ५०० आहेत, म्हणजे ४५,००० रुपये. एक सेवा ‘शून्य शुल्क’ म्हणते, पण भाव ८८.२० चा लावते : हाती ४४,१००. दुसरी बाजारभावच देते आणि अर्धा टक्का शुल्क घेते : २२५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४०.५०, म्हणजे हाती ४४,७३४.५०. शुल्क घेणारी सेवा ६३४.५० रुपये जास्त देते. टीडीएस दोन्हीकडे कापला जातो, म्हणून तो या तुलनेत धरलेला नाही. बँकेत काढायचे शुल्क असेल तर ते यातूनच वजा करा. ही तुलना दोन्ही ॲप शेजारी ठेवून, एकाच मिनिटात करा. दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेले भाव ताडून काही कळत नाही. नाणे कमी खपाचे असेल तर ऑर्डरबुक, म्हणजे कोण किती भावाने घ्यायला-विकायला तयार आहे त्याची यादी, उघडून बघा. वरच्या एक-दोन भावांना तुमच्या रकमेइतकी मागणी नसेल तर मिळेल त्या भावाने विकणारी ‘मार्केट ऑर्डर’ खालच्या भावांपर्यंत घसरत जाते. तिथे आपला भाव ठरवून दिलेली ‘लिमिट ऑर्डर’ लावून थांबलेले बरे.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो नेटवर्कच्या, म्हणजे नाणे ज्या साखळीवरून जाते तिच्या चुकीत, म्हणून इथे घाई करू नका. यूएसडीटी हे नाव एकच, पण ते ट्रॉनवर चालते, इथेरियमवर चालते आणि बीएनबी चेनवरही. ॲपवर त्यांची नावे दिसतात ती अनुक्रमे टीआरसी-२०, ईआरसी-२० आणि बीईपी-२०. हैदराबादच्या गाडीत टाकलेला बोजा पुण्याच्या गोदामात उतरत नाही, तसेच हे. ट्रॉनचा पत्ता ‘टी’ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. इथेरियमचा शून्य-एक्सने सुरू होतो, एकूण ४२ अक्षरे. या दोघांत गल्लत सहसा होत नाही, कारण वॉलेटच पत्ता नाकारते. खरा धोका ईआरसी-२० आणि बीईपी-२० यांच्यात आहे : दोन्हींचा पत्ता दिसायला हुबेहूब सारखा, वॉलेट तक्रार करत नाही, पैसा जातो आणि समोरच्या सेवेच्या खात्यात दिसतच नाही. वॉलेट तुमचे स्वतःचे असेल तर दुसरे नेटवर्क जोडून तो परत मिळतो. एक्स्चेंजचा पत्ता असेल तर त्यांच्या मर्जीवर आणि शुल्कावर. म्हणून कागदावर नाणे आणि नेटवर्क अशी जोडी लिहा आणि देणाऱ्या व घेणाऱ्या, दोन्ही बाजूंना ती जोडी चालते का ते तपासा. गेल्या वर्षी चालत होती म्हणून आज चालेल असे धरू नका. यूएसडीसी हे डॉलरशी बांधलेले दुसरे नाणे बाजारात आणणाऱ्या सर्कल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रॉनवर ते नव्याने आणणे थांबवले.

एक्सआरपी, स्टेलर, टॉन अशा नाण्यांत पत्त्याबरोबर मेमो किंवा टॅग नावाचा आकडाही लागतो. एक्स्चेंजचा पत्ता हजारो ग्राहकांना एकच असतो, त्यातले तुमचे कोणते हे त्या आकड्यावरूनच ओळखतात. तो राहिला तर आठवडाभर सपोर्टच्या मागे लागावे लागते.

स्वतःच्या वॉलेटमधून पाठवणार असाल तर वाटखर्च आधी भरून ठेवा. ट्रॉनवरचे यूएसडीटी हलवायला टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचे स्वतःचे नाणे लागते, इथेरियमवरचे हलवायला इथर. यूएसडीटी हजारभर असले आणि टीआरएक्स शून्य असले तर एक पैही हलत नाही. २० ते ३० टीआरएक्स शिल्लक असू द्या. ज्या पत्त्यावर पूर्वी कधी यूएसडीटी आलेच नाहीत, त्याला पाठवायचा खर्च जवळपास दुप्पट पडतो.

खाते न उघडता नाणे बदलून देणाऱ्या सेवांचे गणित वेगळे. तिथे दोन तऱ्हा असतात : ठरलेला भाव आणि हलता भाव. ठरलेला भाव साधारण दहा ते वीस मिनिटे टिकतो, आणि तुमचे नाणे तेवढ्यात पोहोचायला हवे. बिटकॉइनचे व्यवहार ज्या गठ्ठ्यात नोंदले जातात, तो ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी होतो. त्यात तुम्ही नेटवर्क शुल्क कमी लावले तर व्यवहार तासन् तास रांगेत पडून राहतो, मुदत टळते आणि सेवा नवा, बहुधा पडता भाव लावते. एक्स्चेंजमधून थेट अशा सेवेच्या पत्त्यावर पाठवले तरी हेच होते, कारण एक्स्चेंज आपल्या सवडीने तपासणी करून सोडते. आधी स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या, तिथून पाठवा. परतावा-पत्ता, म्हणजे व्यवहार फसला तर नाणे परत पाठवायचा पत्ता, विचारला की तो स्वतःच्या वॉलेटचाच द्या आणि व्यवहाराचा क्रमांक लगेच उतरवून ठेवा, कारण तिथे तुमची ओळख तेवढीच. आणखी एक : ‘केवायसी लागत नाही’ हे वाक्य पूर्ण खरे नसते. आलेले नाणे त्यांच्या तपासणीत संशयास्पद ठरले तर ते रोखून धरतात आणि मग ओळखपत्र, पैशाचा उगम, सगळे मागतात. अटींच्या पानावर हा भाग आधी वाचा. आणि भारतीय ग्राहकाला नोंदणीशिवाय सेवा देणाऱ्याकडे पैसा अडकला तर दाद मागायला जागा फार कमी उरते, हे वजनात धरा.

पी-टू-पीबद्दल आमचे मत कडक आहे : नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. तुम्ही यूएसडीटी देता, अनोळखी माणूस यूपीआयने रुपये पाठवतो. ते रुपये तिसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले निघाले तर दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून तुमचे सोलापुरातले खाते गोठते आणि खुलासा त्या ठाण्याला द्यावा लागतो. तरीही करायचेच असेल तर पाठवणाऱ्याचे बँकेतले नाव आणि ॲपवरचे नाव अक्षरशः एक असल्याशिवाय नाणे सोडू नका. ‘मित्राच्या खात्यातून पाठवतो’ म्हटले की व्यवहार तिथेच रद्द. ज्या चालू खात्यातून कारखान्यातल्या कामगारांचा पगार जातो, ज्यावर कॅश क्रेडिट आहे, ते खाते या कामाला कधीही जोडू नका. वेगळे बचत खाते ठेवा.

कागदपत्रे आठवडाभर आधी लावा. पॅन, आधार आणि बँकखाते, तिन्हींवरचे नाव जुळले पाहिजे. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड घरांतली आडनावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात, एका कागदावर आद्याक्षर, दुसऱ्यावर पूर्ण नाव. केवायसी तिथेच अडते. दुरुस्ती आधी करा, नाणे नंतर पाठवा.

कराचे खाते पहिल्या दिवसापासून मांडा. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. रुपयांत आणले नाही, नाण्याच्या बदल्यात नाणेच घेतले, तरी तो व्यवहार करपात्र आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ४०,००० ला घेतलेले बिटकॉइन ६०,००० च्या भावाने यूएसडीटीत बदलले : नफा २०,०००, कर ६,०००, उपकर २४०, एकूण ६,२४० रुपये. दुसऱ्या नाण्यात तेवढाच तोटा झाला असला तरी तो यातून वजा होत नाही. खरेदी किमतीखेरीज दुसरा खर्चही वजा होत नाही. म्हणून सेवा निवडताना विचारा : टीडीएस कापून माझ्या पॅनवर जमा करता का, आणि वर्षाचा अहवाल तारीख, वेळ व रुपयांतल्या किमतीसह उतरवून घेता येतो का? परदेशी सेवा टीडीएस कापत नसेल तर ती जबाबदारी तुमच्या अंगावर येऊ शकते. कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर दिसतो का ते तिमाहीनंतर पाहा. सीएकडे जुलैत धावत जाण्यापेक्षा प्रत्येक व्यवहाराच्या दिवशी वहीत एक ओळ लिहिलेली सोपी.

मग तालीम. ॲप अधिकृत साइटवरच्या दुव्यावरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल नको. दुहेरी पडताळणी एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवा, त्याची बॅकअप किल्ली कागदावर लिहा. पैसे काढायचे पत्ते आधीच नोंदवून ठेवा. नव्या पत्त्यावर काही सेवा २४ तासांची रोख लावतात, ती ऐन घाईत कळायला नको. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे तुमच्या पत्त्यासारखी असलेला नकली पत्ता त्या यादीत मुद्दाम घुसवतात. चिकटवल्यावर मधली अक्षरेही ताडा. मग किमान रकमेएवढे पाठवा, बदला, आणि थेट बँकेत किंवा वॉलेटमध्ये येईपर्यंत पूर्ण वाट चाला. किती वेळ लागला, किती कापले गेले, ते लिहा. मोठी रक्कम त्यानंतर, शक्यतो बँकेच्या कामाच्या दिवशी सकाळी.

ही तालीम वाट सिद्ध करते, नियत नाही. फसवे प्लॅटफॉर्म पहिले दोन-तीन हजार मुद्दाम परत देतात आणि मोठी रक्कम आत आली की ‘पैसे सोडवायला आधी कर भरा’ म्हणतात. आपलेच पैसे काढायला वरून पैसे भरायला सांगणारी खरी सेवा नसते. कर कापून घेतला जातो, अनामत म्हणून मागितला जात नाही. तसे कुणी म्हणाले तर एक रुपयाही पुढे पाठवू नका. त्याच क्षणी १९३० ला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. पैसा पुढे सरकण्याआधी तो वाटेत रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. व्यवहाराचे क्रमांक, पत्ते, रक्कम, वेळ आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट एकाच फोल्डरमध्ये ठेवलेले असले तर सायबर पोलीस ठाण्यात जबाब लिहून द्यायला अर्धा तास पुरतो.