मोटार नदीवर बसवताय? आधी केबलचा जॉइंट बघा

दसरा झाला, पंचगंगा पात्रात गेली आणि चिखली-आंबेवाडीपासून खाली शिरोळपर्यंत काठाकाठानं मोटारी परत उतरायला लागल्या. जून-जुलैत त्या वर काढताना कुणी केबल नीट सोडवत बसत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघालेलं असतं, अंगावर पाऊस असतो; मेन बंद केला, पक्कडीनं केबल तोडली, गुंडाळून ट्रॉलीत टाकली. त्यात कुणाची चूक नाही. चूक होते ती आत्ता, तोडलेली टोकं परत जोडताना. दोन्ही टोकं सोलायची, पीळ द्यायचा, वरून काळी टेप गुंडाळायची आणि स्टार्टर पेटीचं हिरवं बटण दाबायचं.

असला जॉइंट मीही मारलाय. मेनपासून आलेली केबल ॲल्युमिनियमची, मोटारीची तांब्याची. पीळ इतका घट्ट दिला होता की पक्कडीचे वळ हातावर उठले. तीन आठवड्यांनी तीन फेजपैकी (विजेच्या तीन तारांपैकी) एक तुटली, मोटार दोन फेजवर घुमत राहिली आणि वाइंडिंग जळालं. टेप सोडली तर आत पांढरी भुकटी होती.

ती भुकटी कशानं होते ते समजून घ्या. ॲल्युमिनियम सोललं की लगेच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. वर ते तांब्याला टेकवून ओल लागू दिली की ॲल्युमिनियम झिजायलाच लागतं. शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, निवल्यावर आकसतं. मोटार रोज चालू-बंद होत असते, त्यामुळं आज घट्ट असलेला पीळ महिन्याभरात सैल होतो.

सैल जॉइंट किती तापतो याचा हिशेब सोपा आहे. 10 एचपीची थ्री फेज मोटार साधारण 14 अँपिअर घेते. जॉइंटमध्ये एक दशांश ओहम जरी अडथळा आला, तरी 14 गुणिले 14 गुणिले 0.1, म्हणजे जवळजवळ 20 वॅट उष्णता त्या बोटभर जागेत तयार होते. मोबाइल दुरुस्तीवाल्याची डाग द्यायची कांडी 25 वॅटची असते, आणि तिनं कथील वितळतं. डीओएल पेटीवर (ही मोटारीला थेट पूर्ण व्होल्टेज देते) मोटार सुरू होताना करंट पाच-सहा पट जातो, म्हणजे तेवढे काही सेकंद उष्णता 25 ते 36 पट. आणि जॉइंट कुठं पडलेला असतो? बांधावर, उसाच्या वाळल्या पाल्यात. तोडीच्या तोंडावर फड पेटला की आपण वरच्या तारांकडं बोट दाखवतो. एकदा पायाखालीही बघा.

यावर उपाय म्हणजे इन्सुलेटेड कनेक्टर. आत कथलाचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, बाहेर जाड रबरासारखं आवरण, प्रत्येक वायरीला वेगळं भोक आणि वरून ॲलन कीनं आवळायचा स्क्रू. एका फेजला एक, असे तीन लागतात. कोल्हापूरच्या शाहूपुरीत घ्यायला गेलात तर तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्हीला चालणारा मागा आणि सोबत केबलचा तुकडा न्या. 16 स्क्वेअर मिलिमीटरची वायर मोठ्या भोकात टाकून चालत नाही. दात बसणारा पिअर्सिंग कनेक्टरही मिळतो. त्यात वायर सोलावी लागत नाही, ठरावीक जोर झाला की बोल्टचं डोकं आपोआप तुटतं. तो चांगलाच आहे, पण एकदाच वापरायचा, आणि दरवर्षी मोटार काढणाऱ्याला ते परवडत नाही.

काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा. मेन बंद करून फ्यूज काढा आणि खिशात ठेवा. ऑटो स्विच आणि मोबाइल स्टार्टर आठवणीनं बंद करा. लाईट आली की मोटार स्वतःहून सुरू होते, हे रात्रपाळीच्या पाण्याची सवय झालेला गडीसुद्धा विसरतो. पेटीतला कपॅसिटर मेन बंद केल्यावरही भरलेला असतो, तो वायरमनला आधी डिस्चार्ज करू द्या. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको, दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प फेज-फेजमध्ये आणि फेज-अर्थिंगमध्ये लावून बघा. डीपीला (ट्रान्सफॉर्मरला आणि त्याच्या पेटीला) आपण हात लावायचाच नाही. तिथलं काम असेल तर महावितरणचा 1912 हा हेल्पलाइन नंबर आहे.

टोक काळं पडलं असेल तर तार चकचकीत दिसेपर्यंत मागं कापत या. पुरात बुडालेली केबल असेल तर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. 1 मेगाओमच्या खाली वाचन आलं तर जॉइंट कितीही चांगला मारला तरी उपयोग नाही, केबलच बदला. सोलताना पातं गोल फिरवू नका, बारीक तारा निम्म्या कापल्या जातात. पेन्सिलीला टोक काढतो तसं तिरकं सोला. कनेक्टरवर खूण असते तेवढंच सोलायचं. ॲल्युमिनियम तारेच्या ब्रशनं घासून लगेच ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावा (काही कनेक्टरमध्ये ती आधीच भरलेली असते), वायर तळापर्यंत सारा, स्क्रू आवळा, मग ओढून बघा. भोकाचं टोपण परत बसवायला विसरू नका.

हा कनेक्टर पाण्याखाली टाकायचा नाही. विहिरीत किंवा बोअरमध्ये सबमर्सिबलच्या केबलला वेगळं जॉइंट किट लागतं. नदीकाठी खांबावर छातीएवढ्या उंचीला प्लॅस्टिकची डबी ठोका आणि तिन्ही कनेक्टर तिच्यात ठेवा. केबल खालून आत घ्या आणि आधी एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून जाईल. केबलचं वजन खांबाला बांधा, कनेक्टरवर लटकू देऊ नका. तासभर मोटार चालवून, पुन्हा सगळं बंद करून डबी उघडा. आवरण मऊ पडलंय किंवा जळका वास येतोय तर तो जॉइंट पहिल्यापासून करायचा.

आत्ताच तिन्ही फेजवर लाल, पिवळी, निळी टेप मारून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं की मेन बंद करून ॲलन कीनं मोटारीकडची तीन टोकं सोडवायची, भोकांवर टोपणं लावायची आणि मोटार वर न्यायची. दसऱ्यानंतर टोकं थोडी कापून ताजी केली, रंगाला रंग लावला की मोटार उलटीही फिरणार नाही.