खोबरेल खा, खोबरेल सोडा: आरोग्याची बातमी तपासायची कशी

खोबरेल हृदयाला चांगलं आणि खोबरेल हृदयाला वाईट, या दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात व्हॉट्सॲपवर येतात. त्यांच्यामागचं संशोधन बहुतेकदा खरंच झालेलं असतं. दोन अभ्यासांनी विचारलेला प्रश्न वेगळा असतो आणि मथळा करताना तो प्रश्नच गळतो. तो आधी शोधायचा.

खोबरेल कशाच्या तुलनेत, ते पाहा. 2018 च्या एका ब्रिटिश चाचणीत लोकांना 4 आठवडे रोज 50 ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल दिलं. एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, लोण्याने वाढलं, खोबरेलने नाही. 2020 साली 16 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सूर्यफुलासारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलने एलडीएल डेसिलिटरमागे सरासरी 10 मिलिग्रॅमने जास्त दिसलं. पुराव्याचं पारडं झुकतं ते दुसऱ्या निष्कर्षाकडे. पण दोन्हीकडे तपासलं ते तेल. आमटीच्या वाटपातलं ओलं खोबरं त्यांत कोणी मोजलेलं नाही.

पदार्थ तरी तोच आहे का? ‘कोकमाने वजन घटतं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल बहुधा कोकमाच्या दक्षिणेतल्या भावंडाच्या, गार्सिनिया कॅम्बोजियाच्या असतात. अमेरिकेत 1998 साली 135 जणांवर 12 आठवडे त्याची चाचणी झाली. औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलपेक्षा वजन काही जास्त उतरलं नाही. आपल्या भिरंडांच्या (कोकमाच्या फळांच्या) आगळाशी तिचा संबंध जोडू नका. सरबताच्या पेल्यात मोजायची ती साखर.

टक्के दिसले की कागद घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये सांगितलं: रोज 50 ग्रॅम सॉसेज, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. आधीचा धोका गुणिले 1.18 करा. ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात 100 पैकी साधारण 5 जणांना हा आजार होतो. ते 6 होतील. भारतात हा आजार बराच कमी, म्हणजे वाढही लहान. ‘आधी किती’ हे बातमीत नसेल तर 18 हा आकडा निरुपयोगी आहे.

कर्करोगाच्या पुराव्यावरून त्याच संस्थेने पाडलेले ‘गट’ फार गोंधळ घालतात. गट 1 म्हणजे कर्करोग होतो याचा पुरावा पक्का. धोका मोठा की छोटा हे त्यातून कळत नाही, म्हणूनच तंबाखू आणि सॉसेज एकाच गटात बसतात. चिनी पद्धतीचा खारवलेला मासाही त्यात आहे. ते वाचून सोडे, सुकट फेकायला निघू नका: इतर खारवलेल्या माशांबद्दल संस्थेने ‘वर्गीकरण करता येत नाही’ असं नोंदवलंय. खाऱ्या बांगड्याची खरी अडचण मीठ. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. रक्तदाब असेल तर मासा भिजवून पाणी टाका आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. तरी थोडा खारेपणा उरतोच.

मग पाहा, लोकांना नुसतं विचारलं की गटांत वाटून चाचणी केली. ‘आठवड्यात किती वेळा मासे?’ हा प्रश्न रत्नागिरीत जुलैत, मासेमारी बंदीत विचारला तर उत्तर वेगळं, नोव्हेंबरात वेगळं. शिवाय सुरमई परवडणाऱ्या घराला डॉक्टरही परवडतो. डॉक्टरांनी नारळ बंद केलेला हृदयरोगी ‘न खाणाऱ्यां’त मोजला गेला की नारळ उगाच गुणकारी ठरतो.

चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून चाचणी केली तरी मात्रा आणि माणसं पाहावीच लागतात. 2018 मध्ये निकाल आलेल्या एका चाचणीत सुमारे 26,000 लोकांपैकी निम्म्यांना रोज 1 ग्रॅम ओमेगा-3, म्हणजे माशांच्या तेलातली चरबी, दिली होती. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून लक्षणीय घट दिसली नाही. त्याच वर्षी रक्तात ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) जास्त असलेल्या, धोक्यातल्या रुग्णांना 4 ग्रॅम शुद्ध ईपीए (ओमेगा-3 चाच एक प्रकार) दिलं, तर 25 टक्के घट. तिथे तुलनेच्या कॅप्सूलमध्ये खनिज तेल होतं, त्यावर वाद झाला. 2020 मध्ये मक्याच्या तेलाशी तुलना करून ओमेगा-3 चं दुसरं मिश्रण 4 ग्रॅमच दिलं, तेव्हा फायदा दिसला नाही. ताटातला बांगडा यांपैकी एकाही चाचणीत नव्हता.

बातमी भारतातल्या चाचणीची असेल तर 2007 पासून चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत औषधाचं किंवा पदार्थाचं नाव टाका. नोंद इंग्रजीत असते, पण पाहायला पैसे लागत नाहीत. तिथला ‘मुख्य निकष’ (primary outcome) मथळ्याशी ताडा. निकष वजनाचा आणि मथळा साखरेचा असेल, तर मोजलेल्या अनेक गोष्टींतली जमलेली एक उचललेली असू शकते. नेहमीच्या 5 टक्क्यांच्या कसोटीवर, म्हणजे निरर्थक गोष्टही 100 पैकी 5 वेळा पास होईल अशा कसोटीवर, 20 निरर्थक गोष्टी मोजल्या तरी सरासरी एक योगायोगानेच पास होते.