दोन हातांत दोन मोठ्या तलवारी : या चुका टाळा

नव्या खेळाडूने कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) ‘ग्रेटसोर्ड, नग दोन’, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या दोन मोठ्या तलवारी, असे लिहिलेले दिसले की पुढचा अर्धा तास कशात जाणार, हे मला आधीच कळते. पुढील विवेचन डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील नियमांना धरून आहे, कारण माझ्यासमोर आलेले बहुतेक वाद याच नियमांच्या अर्धवट वाचनातून निघालेले होते.

सर्वांत जुनी चूक म्हणजे पात्राची अंगकाठी पाहून नियम ठरवणे. दोन शस्त्रांनी लढताना दोन्ही शस्त्रे ‘लाइट’ (हलकी) असावी लागतात. ड्युअल विल्डर हे फीट (पात्रासाठी निवडायचे खास कौशल्य) घेतल्यास ती अट सुटते, परंतु शस्त्र एका हाताचेच असावे लागते. म्हणून दोन लाँगसोर्ड चालतात आणि दोन ग्रेटसोर्ड चालत नाहीत. यावर ‘पण माझा गोलायथ आहे’ (गोलायथ हा खेळातला धिप्पाड वंश) असे उत्तर हमखास येते. गोलायथची पॉवरफुल बिल्ड ही क्षमता केवळ ओझे वाहणे, ढकलणे, ओढणे आणि उचलणे यांपुरती आहे, आणि हे त्याच पानावर स्पष्ट छापलेले आहे.

मी क्लेरिक (मंत्रांनी जखमा भरणारा पुजारी) खेळत असलेल्या एका मोहिमेत डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) असाच एक गोलायथ बार्बेरियन (रानटी योद्धा), ‘दिसायला झकास आहे’ एवढ्याच कारणावर, दोन ग्रेटसोर्डसह मंजूर केला. तिसऱ्या लेव्हलला तो प्रत्येक फेरीत चार डी६ (सहा बाजूंचे फासे) फेकू लागला, आणि स्ट्रेंग्थ (ताकद) व रेज (बार्बेरियनचा संताप) यांची भर दोन्ही घावांना मिळू लागली. लढाया दोन फेऱ्यांत आटोपू लागल्या, तेव्हा डीएमने ऑर्क या शत्रूंचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) १५ वरून ३० केले. ढाल-तलवार घेतलेला आमचा फायटर (लढवय्या) जो ऑर्क दोन घावांत पाडत असे, त्याला आता चार घाव लागू लागले. शत्रू अधिक काळ उभे राहत असल्यामुळे माझे सगळे मंत्र जखमा भरण्यातच संपू लागले. शेवटी फायटरच्या खेळाडूने ढाल टाकून आपल्यालाही दुसरी ग्रेटसोर्ड मागितली, आणि डीएमला नाही म्हणायला तोंड उरले नव्हते. ती मोहीम तिथेच विरली. एका माणसाची हौस पुरवली की तिचा खर्च बाकीच्या टेबलाकडून वसूल होतो, हे परवानगी देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी चूक नियमात बसणारी आहे, म्हणून अधिक फसवी आहे: फासे मोजायचे आणि किंमत मोजायची नाही. स्ट्रेंग्थ १६ असलेला फायटर चौथ्या लेव्हलला एक तर ड्युअल विल्डर घेईल किंवा स्ट्रेंग्थ १८ करील. पाचव्या लेव्हलला, टू-वेपन फायटिंग या लढाईच्या शैलीसह, दोन लाँगसोर्डचे तिन्ही घाव (मुख्य हाताचे दोन, डाव्या हाताचा एक) लागले तर सरासरी २२.५ नुकसान होते. एका ग्रेटसोर्डचे दोन घाव शैलीविना २२ आणि ग्रेट वेपन फायटिंग शैलीसह सुमारे २४.७ देतात, शिवाय नेम एकाने अधिक असतो आणि बोनस ॲक्शन (फेरीतली जादा कृती, जी एरवी डाव्या हाताच्या घावात खर्च होते) मोकळी राहते. ड्युअल विल्डरमुळे एसी (शत्रूचा घाव टाळणारा बचावाचा आकडा) एकाने वाढतो, हे मान्य. पण अकराव्या लेव्हलला मुख्य हाताचे घाव तीन होतात आणि डाव्या हाताचा एकच राहतो. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय मी कोणालाही फीट निवडू देत नाही. घाई असणाऱ्यांना ते छळ वाटते, वाटो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. ड्युअल विल्डर नसेल तर पहिल्या फेरीत एकच तलवार फुकट उपसता येते. दोन्ही हात भरलेल्या पॅलडिनला (मंत्र म्हणणाऱ्या धर्मयोद्ध्याला) वॉर कास्टर फीटशिवाय हातवाऱ्यांचे मंत्र म्हणता येत नाहीत. जुन्या ३.५ आवृत्तीतील मंकी ग्रिप या, मोठ्या मापाची शस्त्रे वापरू देणाऱ्या, फीटचा दाखला देणाऱ्यांनी ते फीट शेवटपर्यंत वाचावे, कारण मोठ्या मापाचे शस्त्र डाव्या हातात धरण्यास त्यातही मनाई आहे.

तरीही एखाद्याला ते दृश्य हवेच असेल, तर मी त्याला नियमांसाठी एकच ग्रेटसोर्ड देतो आणि वर्णनात दोन तलवारी ठेवतो. ग्रेटसोर्डचे नुकसान २डी६ असतेच; एक फासा उजव्या तलवारीचा, दुसरा डाव्या तलवारीचा. एक हात रिकामा करावा लागला तर उरलेली तलवार डी८ ची (आठ बाजूंच्या एका फाशाची) समजावी, म्हणजे दोरीवर चढताना वाद होत नाही. आणि एका फेरीत चार डी६ फेकण्याचाच हट्ट असेल, तर पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक (जादा घाव) मिळाल्यावर एकाच ग्रेटसोर्डचे दोन घाव तेवढेच फासे देतात. तोवर थांबण्याची तयारी नसलेल्या खेळाडूला मी दोन शॉर्टसोर्ड (‘लाइट’ तलवारी) देऊन रोग (चोरपावलांनी लढणारे पात्र) खेळायला लावतो.