टेल लाइट दुरुस्त करताना या चुका टाळा

मागचा दिवा बंद पडलाय हे सगळ्यात शेवटी कुणाला कळत असेल, तर ते गाडी चालवणाऱ्याला. मलाही सिग्नलला शेजारी थांबलेल्या एका काकांनी काच खाली करून सांगितलं तेव्हा कळलं. डावीकडचा बल्ब बदलला, दिवा लागला. आठवड्याने पुन्हा बंद. पुन्हा नवा बल्ब. तिसऱ्या बल्बनंतर गॅरेजवाला म्हणाला, "आख्खी लाइटच बदलून टाका." तीही बदलली आणि चार दिवसांत गाडी होती तिथेच आली.

मग एका रविवारी डिकी उघडून निवांत बसलो. काढलेले तिन्ही बल्ब बॅटरीला लावून बघितले, तर तिन्ही लख्ख पेटले! झालं होतं असं की नवी लाइट म्हणजे नुसती लाल काच आणि मागचं प्लास्टिक. बल्ब बसतात ती होल्डरची पट्टी आणि तिचा कपलर, म्हणजे वायरी जिथे जोडतात तो प्लास्टिकचा जोड, जुनाच राहिला होता. त्या कपलरमधली अर्थिंगची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी पिन तापून तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक किंचित वितळलेलं. दर वेळी बल्ब बदलताना कपलर हलायचा, पिन तात्पुरती टेकायची आणि श्रेय बल्बला जायचं.

म्हणून पहिली चूक हीच: दिवा बंद म्हणजे बल्ब गेला असं धरून चालणं. बल्ब जातात, नाही असं नाही. पण काढलेला बल्ब चांगला निघाला तर तिथेच थांबा, दुसरा विकत आणू नका.

आधी नीट बघा, मग हात घाला

अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि दिवे एकेक करून चालू करा. ब्रेक दाबायला कुणी नसेल तर पेडल आणि सीटच्या मध्ये काठी अडकवा. नेमकं काय बंद आहे यावरूनच निम्मं निदान होतं. एकाच बाजूचा एकच दिवा बंद असेल तर बल्ब किंवा होल्डर. दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट आणि वरचा तिसराही बंद असेल, तर तीन बल्ब एकदम जात नसतात. फ्यूज किंवा पेडलजवळचा ब्रेक स्विच तपासा. तिसरा लागतोय आणि खालचे दोन बंद, तर बहुतेक गाड्यांत स्विच निर्दोष असतो. उलट पेडल सोडल्यावरही ब्रेक लाइट पेटलेलेच राहत असतील, तर पेडलवर स्विच जिथे टेकतो तिथलं छोटं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण तुटून पडलेलं असू शकतं. पायाशी त्याचे तुकडे सापडतात. हे दुर्लक्षित राहिलं की सकाळी बॅटरी बसलेली मिळते.

एक गंमतही सांगून ठेवतो. मागचा फॉग लाइट कित्येक गाड्यांत एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूचा 'बिघाड' शोधत बसू नका.

अर्थिंग कच्चं असलं की दिवे वेड्यासारखे वागतात

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर लावला की टेल लाइटही त्याच्याबरोबर फडफडते, किंवा एका बाजूचे सगळेच दिवे मरगळलेले दिसतात. असं काही दिसलं तर बल्बकडे बघूही नका. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून नको ते दिवे पेटतात.

तपासायला फार काही लागत नाही. दिवे चालू ठेवून होल्डरच्या अर्थिंग पट्टीपासून बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूपर्यंत एक जादा वायर टेकवा. दिवे शहाण्यासारखे वागू लागले तर चोर सापडला. मल्टिमीटर असेल तर दिवे पेटलेले असतानाच एक प्रोब त्या पट्टीला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा ढिला बोल्ट आहे. पॉलिश पेपरने घासा, बोल्ट आवळा. जळलेली पिन मात्र घासून सुधारत नाही, ती बदलावीच लागते.

इथेच मीटरवाल्यांची आवडती चूक येते. कपलर काढून आत प्रोब घालायचे, 12 व्होल्ट दिसले की "वायरिंग ठीक आहे" म्हणून मोकळं व्हायचं. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे तुटत आलेल्या वायरीचा एक केस शिल्लक असला तरी तो बारा दाखवतो. 21 वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तेवढे त्या केसातून कसे जाणार? मीटरपेक्षा साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प इथे जास्त खरं बोलतो. मात्र नव्या गाड्यांत दिवे कंट्रोल युनिटवरून चालतात; तिथे वाटेल त्या वायरीला टोचत बसू नका.

चुकीचा बल्ब दाबून बसवू नका

टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतील तर तो बहुधा 21/5 वॅटचा असतो. 5 वॅटचं फिलामेंट टेलसाठी, 21 चं ब्रेकसाठी. त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसतो. बसत नसेल तर फिरवून बघा, पक्कड लावू नका. 5 वॅटच्या जागी 21 चा बल्ब ठोकला तर तो उजेड देतोच, पण तासाभराच्या प्रवासात होल्डर आणि काच दोन्ही मऊ करू शकतो.

या बल्बची एक खोडी बघण्यासारखी असते. टेलचं फिलामेंट तुटून ब्रेकच्या फिलामेंटवर पडतं आणि तिथेच चिकटतं. मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे उजळतात! वायरिंग उसवण्याआधी बल्ब काढून उजेडात धरा.

फ्यूज, एलईडी, पाणी

10 अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार जातोय म्हणून 20 चा पिवळा घालणं हा निव्वळ वेडेपणा. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो गेला नाही तर वायर जळते. कुठे शॉर्ट होतंय ते शोधा.

एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागला तर एलईडी खराब नाही. ती इतका कमी करंट घेते की गाडीला बल्ब गेला असं वाटतं. त्यासाठी लावतात तो रेझिस्टर चांगलाच तापतो, त्यामुळे तो धातूवर बसवा, प्लास्टिकला किंवा वायरींना टेकवू नका. लाल काचेमागे पांढरी एलईडी गुलाबी दिसते, तिथे लालच घ्या.

गाडी धुतल्यावर काचेवर आलेलं हलकं धुकं आपोआप जातं. तळाशी पाणी साचत असेल तर रबरी गॅस्केट बघा. सगळीकडून सिलिकॉन फासू नका. खालची हवेची भोकं त्यात बुजतात आणि आत गेलेलं पाणी आतच राहतं.

काम झाल्यावर टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकदम लावून बघा, कच्चं अर्थिंग तेव्हाच उघडं पडतं. ही तपासणी एकदा डिकी उघडी ठेवून आणि एकदा बंद करून करा. उघडी असताना सगळं छान आणि बंद केली की दिवा गायब, तर बिजागरीजवळची रबरी नळी सरकवा. आत रोज वाकून वाकून तुटलेली वायर दिसेल.