माइल्स रिडीम करताना या चुका टाळा: आधी सीट शोधा, मगच पॉइंट्स ट्रान्सफर करा

माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे एअरलाइनचे रिवॉर्ड पॉइंट्स, जमवायला लोक वर्षं घालवतात आणि उडवतात मात्र एका बैठकीत, तेही उलट्या क्रमाने. होतं काय, क्रेडिट कार्डची ऑफर येते की या महिन्यात पॉइंट्स ट्रान्सफर केले तर 25 टक्के बोनस, मग घाईघाईत सगळे पॉइंट्स एअरलाइनकडे पाठवले जातात आणि त्यानंतर सीट शोधायला सुरुवात होते. सीट मिळत नाही. आणि एकदा गेलेले पॉइंट्स कार्डकडे परत येत नाहीत, हे जवळपास सगळीकडेच आहे, कस्टमर केअरला कितीही विनवण्या करा. वरून त्या एअरलाइनचे एक्स्पायरीचे नियम लागू होतात ते वेगळंच. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स प्रोग्रॅममध्ये माइल्स साधारण 3 वर्षांत संपतात, मध्ये तुम्ही कितीही फ्लाय केलंत तरी जुन्या माइल्सची मुदत वाढत नाही. अमेरिकन एअरलाइन्सकडे 24 महिने खात्यावर काहीच हालचाल नसेल तर जातात, डेल्टा आणि युनायटेडचे मात्र एक्स्पायर होत नाहीत.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी सीट, मग त्यावर टॅक्स आणि सरचार्ज किती लागतोय ते, मग हिशोब, आणि ट्रान्सफर अगदी शेवटी. एअरलाइनचं खातं मात्र आधीच उघडून ठेवा, नाव कार्डावर आहे तसंच टाका, कारण नावात फरक पडला की ट्रान्सफर अडकतो आणि तोपर्यंत सीट दुसरा कोणीतरी घेऊन जातो. काही ट्रान्सफर लगेच होतात, काहींना दिवस लागतात, ते ज्या त्या कार्डाचं आधी बघून घ्या.

कमी माइल्स म्हणजे स्वस्त तिकीट नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. कुठलंही चलन धरा. समजा तेच तिकीट रोख 40,000 ला मिळतंय. एका प्रोग्रॅममध्ये ते 25,000 माइल्सला आहे पण वर 22,000 सरचार्ज आणि टॅक्स भरायचाय. दुसऱ्यात 35,000 माइल्स आणि फक्त 4,000. बघताक्षणी पहिलं स्वस्त वाटतं ना? हिशोब असा करायचा: रोख भाड्यातून सरचार्ज आणि टॅक्स वजा करायचा आणि उरलेल्याला माइल्सनी भागायचं. पहिल्यात 18,000 भागिले 25,000, म्हणजे एका माइलमागे 0.72. दुसऱ्यात 36,000 भागिले 35,000, म्हणजे 1.03. म्हणजे पहिल्यात तुमचे 25,000 माइल्स जाऊन निम्म्याहून जास्त भाडं खिशातूनच भरायचं. शिवाय अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटावर, सहसा नवीन माइल्स मिळत नाहीत, रोख तिकिटावर मिळतात, तेवढा फायदाही रोखीच्या बाजूने धरा.

हा फरक येतो तो फ्युएल सरचार्जमुळे. नाव फ्युएलचं असलं तरी हा सरकारी टॅक्स नाही, एअरलाइन स्वतः लावते, आणि तोच सरचार्ज तुम्ही कुठल्या प्रोग्रॅममधून बुक करता त्यावर लागतो किंवा लागत नाही. लुफ्तान्साचीच सीट घ्या. त्यांच्या माइल्स अँड मोअरमधून काढली की सरचार्ज जबरदस्त, पण तीच सीट युनायटेडच्या माइलेजप्लसमधून किंवा एअर कॅनडाच्या एरोप्लॅनमधून काढली तर तो सरचार्ज लागत नाही, सरकारी टॅक्स आणि एअरपोर्ट फी तेवढी लागते (एरोप्लॅन पार्टनर बुकिंगची थोडी फी घेतं). विमान तेच, सीट तीच, बिल वेगळं. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम या एअरलाइन्सच्या गटांचा (अलायन्स) खरा उपयोग हाच आहे, ज्या एअरलाइनने जायचंय तिचेच माइल्स वापरायला हवेत असं अजिबात नाही.

सरकारी टॅक्स मात्र कोणालाच चुकत नाही. ब्रिटनमधून निघणाऱ्या फ्लाइटवर एअर पॅसेंजर ड्युटी लागते आणि वरच्या क्लासला ती जास्त असते, तिथे उतरणाऱ्या फ्लाइटला लागत नाही. त्यामुळे जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी असा विचार करत असाल तर सुरुवात कुठून होतेय हे बघून ठरवा.

बिझनेस क्लासबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. त्याचं रोख भाडं इतकं फुगलेलं असतं की हिशोबात एका माइलची किंमत चारपट येते आणि माणूस खूश होतो. पण ते भाडं तुम्ही खिशातून कधी दिलं असतं का? नसतं, तर हिशोबात तो आकडा टाकू नका, तुम्ही जास्तीत जास्त जेवढे दिले असते तेवढे टाका. आरामात झोपून जायचंय, आईवडिलांना लांबचा प्रवास सुखाचा करायचाय, तर जरूर घ्या, त्यासाठीच तर माइल्स जमवलेत, फक्त स्वतःला खोटा आकडा सांगू नका.

माइल्स देऊन वस्तू, गिफ्ट कार्ड वगैरे घेणं सोडून द्या, तिथे भाव जवळपास नेहमीच पडेल मिळतो. माइल्स प्लस कॅशवालं ऑप्शनही वरच्याच हिशोबाने तपासून मगच घ्या.

सीट दिसतच नाही, तेव्हा

चार जणांसाठी सर्च केलं की शून्य रिझल्ट येतो आणि लोक नाद सोडतात. आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी. एअरलाइनने दोनच अवॉर्ड सीट सोडल्या असतील तर चारच्या सर्चमध्ये त्या दोनही दिसत नाहीत. दोघं एका फ्लाइटने, दोघं दुसऱ्या दिवशी, असं जमतंय का बघा. रिटर्न एकदम शोधू नका, जाणं वेगळं आणि येणं वेगळं शोधा. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा शोधून बघा, बऱ्याचदा तुकडे मिळतात पण वेबसाइट त्यांना जोडून दाखवत नाही, अशा वेळी फोन करून दोन्ही फ्लाइट नंबर वाचून दाखवले तर एजंट एकाच तिकिटात जोडून देऊ शकतो. दोन वेगळी तिकिटं काढायचा मोह आवरा, पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणीच घेत नाही. आणि ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑससारख्या अंतरानुसार माइल्स ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फ्लाइटचे माइल्स सहसा वेगळे मोजतात, तिथे छोटी डायरेक्ट फ्लाइट फायद्याची आणि कनेक्शन महाग.

याच्या उलटही होतं, सीट दिसते पण बुक करताना एरर येतो. ही भुताटकी सीट, म्हणजे जुना डेटा. ट्रान्सफर करायच्या आधी त्याच अलायन्सच्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या साइटवर तीच फ्लाइट, तीच तारीख दिसतेय का ते ताडून बघा, आणि शक्य असेल तर फोनवर विचारा. काही प्रोग्रॅम सीट होल्डही करून देतात, ट्रान्सफरला दिवस लागणार असतील तर हे फार कामाचं.

तारखेचं म्हणाल तर बऱ्याच एअरलाइन साधारण 330 ते 355 दिवस आधी बुकिंग उघडतात आणि उरलेल्या सीट अगदी शेवटच्या दिवसांत पुन्हा सोडतात, मधला काळ सगळ्यात कोरडा. शाळेच्या सुट्टीत कुटुंबासोबत जायचं असेल तर पहिल्याच दिवशी बसा.

बुक झालं, पण तिकीट निघालं का?

पीएनआर आला म्हणजे झालं असं समजू नका. ईमेलमध्ये 13 आकडी ई-तिकीट नंबर शोधा, पहिले 3 आकडे तिकीट काढणाऱ्या एअरलाइनचे असतात, युनायटेडचे 016, सिंगापूरचे 618. पीएनआर आहे पण हा नंबर नाही, म्हणजे तिकीट अजून निघालेलं नाही, लगेच फोन करा, एअरपोर्टवर चेक-इनला उभं राहून कळण्यापेक्षा हे बरं. मग ज्या एअरलाइनने उडणार आहात तिचा वेगळा पीएनआर मागून घ्या, सीट निवडायला आणि बॅगेज बघायला तोच लागतो. पुढे टायमिंग बदललं तर फोन मात्र ज्याचे माइल्स वापरले त्या प्रोग्रॅमला करायचा, तिकीट त्यांचं आहे.

बुकिंगनंतरही भाव बघत राहा. अमेरिकन आणि युनायटेडमध्ये अवॉर्ड तिकीट वेळेत रद्द केलं तर माइल्स सहसा फी न घेता खात्यात परत येतात, त्यामुळे तीच सीट पुढे कमी माइल्सला आली तर आधी नवीन बुक करा आणि मग जुनं रद्द करा. पण रद्द करायचं ते विमान सुटायच्या आत, नुसतंच न जाता बसलात तर नो-शो धरतात आणि तिथे नियम वेगळे लागतात.